एका संगणकावरील कंटेनरबद्ध डेटाबेस समूह : उभारणी, प्रयोग आणि मर्यादा
(शिक्रापूर परिसरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात)

प्रस्तावना :

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर शिक्रापूर येथे चाकणकडे जाणारा रस्ता फुटतो. सणसवाडी, रांजणगाव आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यांत ये-जा करणारी कंटेनरची लांबलचक वाहने या चौकातून दिवसरात्र जात असतात. त्यामुळे 'कंटेनर' हा शब्द येथील विद्यार्थ्याला नवा नाही. गेल्या दशकभरात हाच शब्द संगणकशास्त्रातही रूढ झाला आहे. ज्या कारखान्यांत व कंपन्यांत हा विद्यार्थी पुढे नोकरीसाठी जातो, तेथील डेटाबेस बहुधा एका यंत्रावर नसतो. तो अनेक यंत्रांवर एकाच वेळी जपलेला असतो आणि त्यांपैकी एखादे बंद पडले तरी काम थांबत नाही.

महाविद्यालयातील चित्र मात्र वेगळे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र पदवी अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकांत पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस वापरला गेला आहे. विद्यार्थी तक्ते तयार करतो, प्रश्नभाषा शिकतो. परंतु डेटाबेसचे एक यंत्र कोलमडले असता उरलेली यंत्रे काय करतात, हे त्याने पाहिलेले नसते. त्यासाठी स्वतंत्र यंत्रे किंवा भाड्याची क्लाउड सेवा घेणे ग्रामीण महाविद्यालयाला सहज परवडत नाही. कंटेनर तंत्रामुळे हाच प्रयोग प्रयोगशाळेतील एका साध्या संगणकावर करता येतो.

मात्र या सोयीतून एक गैरसमजही निर्माण होतो. पडद्यावर तीन डेटाबेस चालू दिसले की माहिती तिप्पट सुरक्षित झाली, असे वाटू लागते. प्रत्यक्षात एका संगणकावरील समूह माहितीचे रक्षण करण्यासाठी नसतोच. तो बिघाड मुद्दाम घडवून पाहण्यासाठी असतो. हा फरक स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रयोजन आहे.

उद्दिष्टे :

१. कंटेनर आणि डेटाबेस समूह या संकल्पना स्पष्ट करणे.
२. मर्यादित क्षमतेच्या संगणकावर तीन नोडचा समूह उभारण्याची पद्धत मांडणे.
३. समूहाचे वर्तन दाखवणारे प्रयोग सुचवणे.
४. अशा समूहाच्या मर्यादा अध्यापकांच्या निदर्शनास आणणे.

१. कंटेनर म्हणजे काय?

मालवाहतुकीतील कंटेनरचे महत्त्व त्याच्या ठराविक मापात आहे. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅकलीन यांनी 'आयडियल एक्स' या जहाजावरून ५८ कंटेनर नेले आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर हे या पद्धतीचे आपल्या राज्यातील मोठे उदाहरण होय. पेटीत काय आहे याची चौकशी क्रेन करीत नाही. पेटीचे माप ठरलेले असले की तिचे काम भागते.

संगणकातील कंटेनरचेही तत्त्व हेच आहे. एखादा प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या सर्व फाइली आणि मांडणी यांची एक बंद पेटी केली जाते. ज्या संगणकावर कंटेनर चालवण्याची व्यवस्था आहे, तेथे ती पेटी सारख्याच रीतीने चालते. आभासी यंत्रात प्रत्येक वेळी संपूर्ण कार्यप्रणाली नव्याने चालवावी लागते. कंटेनर मात्र मूळ संगणकाच्या लिनक्स कार्यप्रणालीचा गाभा सामाईकपणे वापरतात; म्हणून ते हलके असतात आणि काही सेकंदांत सुरू होतात.

हे वेगळेपण लिनक्समधील दोन सोयींवर उभे आहे. 'नेमस्पेस' या सोयीमुळे प्रत्येक कंटेनरला आपलीच फाइलव्यवस्था, आपलेच नेटवर्क आणि आपल्याच प्रक्रिया दिसतात. 'सीग्रुप' या सोयीमुळे त्याने किती मेमरी व प्रोसेसर वापरावा हे ठरवता येते. सीग्रुपचा समावेश लिनक्स गाभ्याच्या २.६.२४ या आवृत्तीत २००८ साली झाला. २०१३ मध्ये डॉकर हे साधन जाहीर झाले आणि या सोयी सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आल्या.

येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. 'इमेज' हा साचा असतो, तर 'कंटेनर' ही त्या साच्यातून घडलेली चालती वस्तू असते. एकाच साच्यातून तीन कंटेनर घडवता येतात. कंटेनर काढून टाकला की त्याच्या आत लिहिलेली माहितीही जाते. म्हणून डेटाबेसची माहिती कंटेनरच्या बाहेर, 'व्हॉल्यूम' नावाच्या स्वतंत्र जागेत ठेवावी लागते. प्रत्येक नोडला त्याचे वेगळे व्हॉल्यूम हवे. तिघांना एकच व्हॉल्यूम दिल्यास तो समूह राहत नाही आणि डेटाबेस सुरूही होत नाही.

२. समूह आणि बहुमत

डेटाबेस समूहात एकाच माहितीच्या अनेक प्रती वेगवेगळ्या नोडवर असतात. त्यांपैकी एक प्रमुख असतो व नवीन नोंदी तोच स्वीकारतो. इतर दुय्यम नोड त्याच्याकडून नोंदी उतरवून घेतात. प्रमुख नोड बंद पडल्यास नवा प्रमुख कोणी ठरवायचा, हा यातील कळीचा प्रश्न आहे.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये नोंदींचा ओघ दुसऱ्या यंत्राकडे सतत पाठवण्याची सोय २०१० च्या ९.० या आवृत्तीपासून आहे. तथापि नवा प्रमुख आपोआप निवडण्याचे काम हा डेटाबेस स्वतः करीत नाही. त्यासाठी पॅट्रोनीसारखे वेगळे साधन जोडावे लागते. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये ही निवड अंगभूत आहे. त्यामुळे पहिल्या प्रयोगासाठी मोंगोडीबी सोयीचे ठरते. पोस्टग्रेस्क्यूएलचा समूह हा त्यापुढील टप्पा मानावा.

निवडीचा नियम बहुमताचा आहे. ग्रामसभेत गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. समूहातही निम्म्याहून अधिक नोड एकमेकांच्या संपर्कात असल्याशिवाय प्रमुख निवडला जात नाही. फरक एवढाच की तहकूब ग्रामसभेला पुढे गणपूर्तीची अट राहत नाही. समूहाला ही सवलत कधीही मिळत नाही.

तीन नोडच्या समूहात बहुमत दोनचे असते आणि एका नोडचा बिघाड सहन होतो. चार नोड घेतले तर बहुमत तीनचे होते. म्हणजे बिघाड सहन करण्याची क्षमता एकाचीच राहते. पाच नोड घेतल्यास बहुमत तीनचेच असते आणि दोन बिघाड सहन होतात. समूहात नोडची संख्या विषम ठेवण्याचा प्रघात यातूनच आला आहे.

३. पूर्वतयारी

(अ) मेमरी : बहुतेक अपयश येथेच येते. मोंगोडीबी सुरू होताना आपल्या साठवणीसाठी किती मेमरी घ्यायची हे स्वतः ठरवते. उपलब्ध मेमरीतून १ जीबी वजा करून उरलेल्याच्या निम्मी, अथवा २५६ एमबी, यांपैकी जी अधिक असेल ती कमाल मर्यादा असते. ८ जीबीच्या लिनक्स संगणकावर हा आकडा ३.५ जीबी येतो. तीन नोडपैकी प्रत्येकाने तोच हिशेब केला तर १०.५ जीबी होतात. विंडोजवर डॉकर हे डब्ल्यूएसएल २ या व्यवस्थेतून चालते आणि तिला सर्वसाधारणपणे संगणकाची निम्मी, म्हणजे येथे ४ जीबी मेमरी मिळते. तेथे प्रत्येक नोड दीड जीबीवर हक्क सांगतो आणि एकूण मागणी साडेचार जीबी होते. प्रारंभी माहिती थोडी असल्याने हे जाणवत नाही; माहिती वाढली की एखादा कंटेनर कोणतेही कारण न दाखवता बंद पडतो. यावर उपाय असा की प्रत्येक कंटेनरला १ जीबीची मर्यादा घालावी आणि साठवणीची मेमरी ०.२५ जीबी असे स्पष्टपणे लिहावे.

(ब) प्रोसेसर : मोंगोडीबीच्या ५.० पासूनच्या आवृत्त्यांना प्रोसेसरमध्ये 'एव्हीएक्स' ही सोय लागते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती २०११ पासून येऊ लागली, तरी सेलेरॉन व पेंटियम या स्वस्त प्रकारांत ती पुढेही अनेक वर्षे नव्हती. जुन्या प्रयोगशाळेत कंटेनर सुरू होताक्षणी बंद पडत असेल तर प्रथम हे तपासावे. ४.४ ही आवृत्ती अशा संगणकावर चालते. मात्र तिचे अधिकृत साहाय्य फेब्रुवारी २०२४ मध्ये संपले आहे. म्हणून ती केवळ बंदिस्त प्रात्यक्षिकापुरतीच वापरावी.

(क) इंटरनेट : वीस संगणकांवर तीच इमेज वीस वेळा उतरवून घेणे अनावश्यक आहे. शिवाय डॉकर हब या भांडाराने नोव्हेंबर २०२० पासून विनानोंदणी वापरावर मर्यादा घातली असून ती इंटरनेट पत्त्यानुसार मोजली जाते. संपूर्ण प्रयोगशाळेचा पत्ता बाहेरून एकच दिसत असल्याने ही मर्यादा लवकर गाठली जाऊ शकते. एका संगणकावर इमेज उतरवून 'डॉकर सेव्ह' या आज्ञेने तिची फाइल करावी, पेन ड्राइव्हने ती इतरत्र न्यावी आणि 'डॉकर लोड' या आज्ञेने चढवावी. इमेजची आवृत्ती नेमकी लिहावी. 'लेटेस्ट' असे लिहिल्यास पुढील वर्षी तेच प्रात्यक्षिक वेगळे उत्तर देण्याची शक्यता असते.

४. उभारणीचे टप्पे

पहिला टप्पा मांडणीच्या फाइलचा आहे. 'डॉकर कंपोज' या साधनासाठी एका साध्या मजकूर फाइलमध्ये तिन्ही नोडचे वर्णन करावे. प्रत्येक नोडखाली इमेजचे नाव व आवृत्ती, कंटेनरचे नाव, समूहाचे सामाईक नाव, स्वतंत्र व्हॉल्यूम, मेमरीची मर्यादा आणि पोर्ट क्रमांक या बाबी येतात. या फाइलमध्ये ओळींचा इंडेंट अर्थपूर्ण असतो. तेथे टॅब चालत नाही, मोकळी जागाच द्यावी लागते. नोडने इतर कंटेनरकडून येणारी जोडणीही स्वीकारावी, अशी सूचना त्याच्या सुरुवातीच्या आज्ञेत द्यावी.

दुसऱ्या टप्प्यात 'डॉकर कंपोज अप' ही आज्ञा दिल्यावर तिन्ही कंटेनर सुरू होतात. परंतु हा अद्याप समूह नव्हे. ते केवळ एकमेकांना न ओळखणारे तीन डेटाबेस असतात. तिसऱ्या टप्प्यात कोणत्याही एका नोडच्या आज्ञापटलावर जाऊन 'आरएस इनिशिएट' या आज्ञेने तिन्ही सदस्यांची नावे कळवावी लागतात. ही आज्ञा एकदाच आणि एकाच नोडवर द्यायची असते. काही सेकंदांत निवड होऊन एक नोड प्रमुख होतो. 'आरएस स्टेटस' या आज्ञेने त्याची खात्री करता येते.

यात नावांची अडचण सर्वाधिक वेळ घेते. सदस्य म्हणून 'लोकलहोस्ट' हे नाव देऊ नये. कारण प्रत्येक कंटेनरच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतःच. कंटेनरांची नावे द्यावीत. ही नावे कंटेनरांच्या अंतर्गत नेटवर्कमध्येच कळतात. विंडोजवरील एखादा प्रोग्रॅम समूहाशी जोडला गेला की समूह त्याला सदस्यांची हीच नावे सांगतो आणि तो प्रोग्रॅम ती शोधू शकत नाही. जोडणी झाली आणि लगेच तुटली, असा गोंधळात टाकणारा अनुभव यामुळे येतो. प्रात्यक्षिकापुरता सोपा मार्ग म्हणजे सर्व आज्ञा 'डॉकर एक्झेक' वापरून कंटेनरच्या आतूनच द्याव्यात. बाहेरूनच जोडायचे असेल तर संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये ती नावे नोंदवावीत आणि प्रत्येक नोडला आतून व बाहेरून सारखाच, परंतु इतरांहून वेगळा पोर्ट क्रमांक द्यावा.

काम संपल्यावर 'डॉकर कंपोज डाउन' दिल्यास कंटेनर जातात, व्हॉल्यूम राहतात. त्याच आज्ञेला व्हॉल्यूम काढण्याचा पर्याय जोडला तर माहितीही कायमची जाते. विद्यार्थ्यांना हा फरक प्रथम करून दाखवावा.

५. समूहाचे वर्तन दाखवणारे चार प्रयोग

प्रयोगासाठी परिचित माहिती घ्यावी. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांना दूध संकलन केंद्र परिचयाचे असते. सकाळ-संध्याकाळ दूध घातल्यावर लिटर, फॅट आणि दर छापलेली चिठ्ठी शेतकऱ्याला मिळते व त्यावरूनच पुढे हिशेब होतो. अशा काल्पनिक नोंदींचा एक संच समूहात भरावा.

प्रयोग पहिला : प्रमुख नोड 'डॉकर स्टॉप' ने थांबवावा. या आज्ञेने नोडला थांबण्याची पूर्वसूचना मिळते. तो पद सोडतो आणि नवा प्रमुख लवकर निवडला जातो. नंतर समूह पूर्ववत करून नव्या प्रमुखावर 'डॉकर किल' ही आज्ञा द्यावी. येथे सूचना नसते. उरलेले नोड साधारण दहा सेकंद वाट पाहतात आणि मगच निवड होते. या काळात नोंद स्वीकारली जात नाही. निरोप घेऊन जाणे आणि अचानक कोसळणे यांतील अंतर विद्यार्थ्याला घड्याळात मोजता येते.

प्रयोग दुसरा : तीनपैकी दोन दुय्यम नोड थांबवावेत. प्रमुख नोड सुस्थितीत असूनही थोड्याच वेळात पद सोडतो व नोंदी नाकारतो. 'चांगले चालू असलेले यंत्र काम का नाकारते?' हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. याचे कारण असे की इतर दोघे बंद पडले आहेत की आपणच त्यांच्यापासून तुटलो आहोत, हे त्या नोडला कळण्याचा मार्ग नाही. दुसरी शक्यता खरी असेल तर पलीकडे नवा प्रमुख निवडला गेला असेल आणि दोन वह्यांत दोन वेगळे हिशेब सुरू होतील. ते टाळण्यासाठी तो थांबणे पत्करतो. एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये मांडलेल्या आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेल्या 'कॅप' सिद्धांताचा हा प्रत्यक्ष अनुभव होय. संपर्क तुटला असता एकवाक्यता आणि अखंड उपलब्धता यांपैकी एकीचा त्याग करावाच लागतो.

प्रयोग तिसरा : हा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रमुख नोडच्या आज्ञापटलावर एक विद्यार्थी बसवावा. दुसऱ्याने 'डॉकर नेटवर्क डिस्कनेक्ट' ने त्या नोडला नेटवर्कपासून तोडावे. पहिल्या विद्यार्थ्याने लगेच, दहा सेकंदांच्या आत, दुधाची एक नोंद करावी आणि केवळ एकाच नोडची पोच पुरेशी आहे असे आज्ञेत नमूद करावे. नोंद झाल्याची पोच मिळते. तेवढ्यात उरलेले दोन नोड नवा प्रमुख निवडतात. त्यावर दुसरी नोंद करावी. आता तुटलेला नोड पुन्हा जोडावा. जोडला गेल्यावर तो नव्या प्रमुखाशी आपली वही ताडून पाहतो आणि आपली अधिकची नोंद मागे घेतो. ती नोंद 'रोलबॅक' नावाच्या फोल्डरमधील फाइलमध्ये बाजूला ठेवली जाते. डेटाबेसमध्ये मात्र ती नसते. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती चिठ्ठी आहे आणि केंद्राच्या वहीत दूध नाही. नोड पुन्हा जोडताना नाव ओळखले जावे यासाठी कंटेनरचे नाव आणि सदस्य म्हणून दिलेले नाव एकच ठेवावे, अन्यथा प्रयोग येथेच अडतो.

प्रयोग चौथा : तोच प्रयोग 'बहुमताची पोच हवी' असे सांगून करावा. आता पोच मिळत नाही. आज्ञा अडून राहते आणि अखेर त्रुटीचा संदेश येतो. या त्रुटीचा अर्थ 'नोंद झाली नाही' असा नसून 'नोंदीची खात्री देता येत नाही' असा आहे, हे आवर्जून सांगावे. चिठ्ठी उशिरा मिळेल किंवा मिळणार नाही. पण मिळालेली चिठ्ठी खोटी ठरणार नाही. मोंगोडीबीच्या ५.० पासूनच्या आवृत्त्यांत बहुतांश मांडण्यांमध्ये हीच पद्धत मूलतः लागू असते, ४.४ मध्ये मात्र ती आज्ञेत स्पष्टपणे मागावी लागते.

६. मर्यादा

तीन विहिरींवरील तीन मोटारी एकाच डीपीवर असतील, तर डीपी जळाल्यावर तिन्ही एकदम बंद पडतात. एका संगणकावरील समूहाची स्थिती नेमकी हीच आहे. प्रोसेसर, डिस्क, वीजपुरवठा आणि कार्यप्रणाली हे सर्व सामाईक असते. वीज गेली तर तिन्ही नोड एकाच क्षणी जातात. डिस्कवर आधी लिहून ठेवलेल्या नोंदवहीच्या आधारे ते बहुधा सावरतात. पण डिस्कच निकामी झाली तर तिन्ही प्रती एकदम नष्ट होतात. म्हणून प्रवेश, गुण, शुल्क यांसारखी महाविद्यालयाची खरी माहिती अशा समूहात ठेवू नये.

दुसरी मर्यादा वेगवेगळ्या यंत्रांवरील खऱ्या समूहालाही लागू आहे. प्रत ठेवणे म्हणजे बॅकअप घेणे नव्हे. चुकून सर्व नोंदी पुसल्या गेल्या तर पुसण्याची ती क्रियाही प्रामाणिकपणे इतर नोडवर उतरते. ठराविक वेळी वेगळ्या ठिकाणी काढलेला बॅकअप समूहानंतरही आवश्यकच राहतो.

तिसरी बाब सुरक्षिततेची. प्रात्यक्षिकात परवलीचा शब्द न लावता समूह चालवला जातो आणि डॉकरने उघडलेले पोर्ट मूलतः संपूर्ण नेटवर्कला खुले होतात. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर असे उघडे राहिलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागण्यात आली होती. पोर्ट उघडायचे असल्यास ते १२७.०.०.१ या स्थानिक पत्त्यालाच बांधावेत.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

'समूह उभारा' एवढेच प्रात्यक्षिक ठेवल्यास तयार फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेली जाईल आणि गुण मिळतील. त्याऐवजी प्रत्येक प्रयोगापूर्वी विद्यार्थ्याने अपेक्षित निष्कर्ष वहीत लिहावा, नंतर प्रयोग करावा आणि दोहोंतील तफावतीचे कारण नोंदवावे. मूल्यमापन त्या कारणमीमांसेचे व्हावे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रयोगात अपेक्षा चुकण्याची शक्यता अधिक असते आणि खरे शिकणे तेथेच घडते. वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना लेखापरीक्षण शिकवताना तिसरा प्रयोग उपयोगी पडेल. पावती आणि खतावणी यांतील तफावत संगणकीय व्यवस्थेत कशी उद्भवते, हे त्यातून डोळ्यांसमोर येते.

समारोप :

कंटेनर तंत्रामुळे एके काळी मोठ्या संस्थांपुरता मर्यादित असलेला अभ्यास ८ जीबी मेमरीच्या एका संगणकावर आला आहे. त्यासाठी मेमरीचा हिशेब, प्रोसेसरची तपासणी आणि नावांची काळजी एवढी तयारी पुरेशी ठरते. परंतु तीन कंटेनर चालू दिसणे हे या प्रात्यक्षिकाचे साध्य नव्हे. 'नोंद झाली' या दोन शब्दांमागे कोणती हमी आहे आणि कोणती नाही, हे विद्यार्थ्याला सांगता येणे हे खरे साध्य होय. उद्या याच परिसरातील एखाद्या संकलन केंद्राची, पतसंस्थेची किंवा कारखान्याची संगणकप्रणाली त्याच्या हातून घडणार आहे. एका नोडची पोच पुरेशी मानावी की बहुमताची वाट पाहावी, हा निर्णय तेथे त्यालाच घ्यावा लागेल आणि त्याचा परिणाम चिठ्ठी हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला भोगावा लागेल. त्या निर्णयाचे गांभीर्य प्रयोगशाळेत, काल्पनिक नोंदींवर आणि नुकसानाविना कळावे, हेच एका संगणकावरील समूहाचे प्रयोजन आहे.